सांगणारा कोण?

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. छोटीस,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसातल्या त्या जर्मन बाईंनी जेवणाच्या सुट्टीत भारताच्या कारभाराचा विषय काढला. निवडणुका, वर्तमानपत्रं, खटला न चालता तुरुंगात असलेली माणसं असं एकेक निघालं, आणि तू ‘आधी तुमच्या देशाचं बघा’ म्हणून उठून गेलीस. पुढं काही दिवसांनी राहण्याच्या परवान्याच्या मुदतवाढीसाठी तिथल्या एका कचेरीत खेटे घालून तू वैतागलीस, तिथल्या सरकारच्या धोरणाबद्दल बोललीस, तर त्याच टेबलावर कुणीतरी तुला ऐकवलं की पाहुण्यांनी यजमानाच्या चुका काढू नयेत. राग दोन्ही वेळा आला, आणि हे दोन राग एकमेकांशी जुळत नाहीत हे तुझं तुलाच उमगलं. याचा मला फार आनंद झाला. ‘मामा, बाहेरच्या माणसाला दुसऱ्यांच्या सरकारबद्दल बोलायचा अधिकार असतो का?’ असं तू विचारलंस. फोनवर उरकण्याजोगं हे नाही. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, आणि या प्रश्नाचे जितके दाखले आपल्या कोल्हापुरात आहेत तितके दुसऱ्या गावात क्वचितच सापडतील. म्हणून निवांत बसून लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. बाहेरच्याला बोलायचा अधिकार आहे. ‘आमच्यात नाक खुपसू नका’ हे उत्तर मला पटत नाही, मग ते तुला कुणी दिलेलं असो की तू कुणाला दिलेलं असो. पण बोलणाऱ्या बाहेरच्याला एक गोष्ट विचारलीच पाहिजे. हे तुला कुणी सांगितलं? बाहेरचा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी फार थोडं बघतो. त्याच्या कानाशी आतलं कुणीतरी असतं. ते आतलं माणूस कोण, त्याला काय हवंय, आणि ज्यांच्या तोंडाला कुलूप आहे त्यांचं त्या बाहेरच्यानं काही ऐकलं का, यावर टीकेचं मोल ठरतं.

1881 सालचं कोल्हापूर बघ. गादीवर चौथे शिवाजी महाराज, वय अवघं अठरा. सत्ता त्यांच्या हातात नाही. ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट आणि कारभारी माधवराव बर्वे कारभार बघतात. महाराजांच्या मनावर परिणाम झालाय असं सांगून त्यांना गोऱ्या माणसांच्या देखरेखीखाली ठेवलेलं. कोल्हापूर हे संस्थान आणि पुणं ब्रिटिश मुलूख. म्हणजे पुण्याचा संपादक कोल्हापूर दरबारावर लिहायचा तेव्हा तो परमुलखातूनच लिहायचा. त्याच वर्षीच्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले होते. टिळक आणि आगरकर दोघंही पंचविशीतले. कोल्हापुरातून त्यांच्याकडं बातम्या जाऊ लागल्या की महाराजांचा छळ चाललाय, त्यांना वेडं ठरवण्याचा डाव आहे. मागोमाग काही पत्रंही पुढं आली. ती खुद्द बर्व्यांची आहेत असं सांगितलं गेलं. तरुण संपादकांनी त्यांवर विश्वास ठेवला आणि बर्व्यांवर सडकून लिहिलं.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मुंबईच्या हायकोर्टात पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, पण फिर्याद मागं घेतली गेली नाही. 17 जुलै 1882 रोजी चार महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली आणि 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून 26 ऑक्टोबरला ते सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं, ते तुझ्या आईच्या कपाटात आहे. खटल्याच्या वेळी जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे दहा हजारांना जामीन राहिले. टिळकांच्या आणि फुल्यांच्या विचारांत केवढं अंतर होतं ते तू जाणतेस. तरीही कोल्हापूरच्या गादीवरच्या एका असहाय पोराचा प्रश्न निघाला तेव्हा पुण्यातली ही दोन टोकं एकत्र आली.

पाठ्यपुस्तकात हा प्रसंग टिळक-आगरकरांचा पहिला तुरुंगवास म्हणून येतो आणि तिथंच संपतो. वर्गात मी मुलांना पुढचं विचारायचो. पत्रं आणून कुणी दिली? कोणी ना कोणी बर्व्यांच्या विरोधातलं होतं, त्याला पुण्याचा आवाज हवा होता आणि तो मिळवण्यासाठी त्यानं खोटे कागद केले. पुण्याच्या संपादकांना कळकळ होती, धैर्य तर अपार होतं. पण त्यांनी सगळा भार एकाच गटानं पुरवलेल्या कागदावर टाकला, आणि तो कागद फाटताच खरं प्रकरणही झाकलं गेलं. बर्वे निर्दोष ठरले म्हटल्यावर महाराजांचं काय चाललंय हे विचारायला कुणाला तोंड उरलं नाही. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1883 रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात देखरेखीसाठी ठेवलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन महाराज गेले. वय वीस. ते खरोखरच मनानं खचले होते की त्यांना तसं केलं गेलं, यावर इतिहासकारांचं अजूनही एकमत नाही. पण त्या पोराच्या जिवाला धोका आहे ही भीती खरी होती, आणि ती खोट्या कागदावर उभी केल्यामुळं वाया गेली. बाहेरून बोलणाऱ्याच्या निष्काळजीपणाची किंमत आतल्यांना मोजावी लागते ती अशी.

मग पुणेकरांनी गप्प बसायला हवं होतं का? मुळीच नाही. इथं राहून एजंटाविरुद्ध आणि कारभाऱ्याविरुद्ध कोण छापणार होतं? जिथं आतल्यांना बोलता येत नाही तिथं बाहेरच्यानं बोलणं हे कर्तव्य होतं. ज्यांचे पूर्वज शिवछत्रपतींच्या राज्यात नांदले, त्यांना कोल्हापूरचा पोर परका कसा वाटेल?

आता वीस वर्षं पुढं ये. वर्तमानपत्र तेच, संस्थान तेच, पण गादीवर शाहू महाराज. 1894 साली त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या वरच्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण होते आणि कारकुनीच्या 500 जागांपैकी ब्राह्मणेतर फक्त 10. हे आकडे नीट लक्षात ठेव, पुढचं सगळं त्यांत आहे. 1899 साली पंचगंगेवरच्या स्नानावरून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. राजाचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायला राजोपाध्यांनी नकार दिला. ऑक्टोबर 1901 मध्ये ‘केसरी’त टिळकांनी यावर दोन अग्रलेख लिहिले आणि ते महाराजांच्या विरोधात होते. मग 26 जुलै 1902 चा हुकूम आला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांना द्याव्यात, आणि मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व, असा तो हुकूम. पुण्याच्या पत्रांत त्यावर टीकेची झोड उठली.

त्या टीकाकारांना कुणी सांगितलं होतं? आकडे बघ म्हणजे कळेल. कोल्हापुरातून पुण्याला पत्र लिहू शकणारं, पुण्यात सोयरे असणारं, वर्तमानपत्राला बातमी धाडणारं माणूस कोण होतं? ज्यांच्या हातात त्या 500 पैकी 490 जागा होत्या, तेच. भुदरगडच्या डोंगरातल्या धनगराला, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या महाराला, शिरोळच्या जैन कुणब्याला हा हुकूम काय वाटला हे पुण्याच्या कचेरीत पोचायची वाटच नव्हती. संपादकानं मुद्दाम खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याला ऐकू येणारं कोल्हापूरच तेवढं होतं. 1882 मध्ये पुण्याला खोटा कागद मिळाला, 1902 मध्ये खरीच तक्रार मिळाली, पण ती एकाच घराच्या खिडकीतून आलेली. माझ्या मते दुसरी चूक मोठी. बनावट पत्र कोर्टात पकडलं जातं. ज्याचं पत्र कधी लिहिलंच गेलं नाही, त्याची नोंद कुठलं कोर्ट घेणार?

महाराजांनी उत्तर कसं दिलं, ती गोष्ट कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तूही आजीकडून ऐकली असशील. सांगलीचे एक वकील त्यांना म्हणाले की, नोकऱ्या लायकी बघून द्याव्यात, जात बघून नव्हे. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा वेगळा बांधलेला. महाराजांनी तोबरे काढायला लावले आणि सगळी चंदी एकत्र पसरायला सांगितली. दांडगे घोडे पुढं घुसले, अशक्त आणि शिंगरं मागं राहिली. वकील सांगलीचे, म्हणजे दुसऱ्या संस्थानातले. ‘तुम्हाला आमच्या कारभारात काय अधिकार’ असं महाराज त्यांना सहज म्हणू शकले असते. ते म्हणाले नाहीत. ज्यांचं म्हणणं वकिलांच्या कानावर गेलं नव्हतं, ते त्यांनी वकिलांना दाखवलं. बाहेरच्या टीकेला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

मी महाराजांना मानतो, ते तुला सांगायला नको. पण त्यांच्या काळात आतल्या प्रत्येकाला मोकळं बोलता येत होतं असंही मी तुला भासवणार नाही. 1908 साली ‘विश्ववृत्त’ मासिकात पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख छापला म्हणून प्राध्यापक विजापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर इथं कोल्हापुरात राजद्रोहाचा खटला झाला. विजापूरकरांना तीन वर्षांची शिक्षा झाली, ‘रागिणी’ लिहिणारे वामन मल्हार जोशी त्यांच्याबरोबर तुरुंगात गेले. त्या खटल्यामागं ब्रिटिश सत्तेचा दबाव होता हे खरं, आणि या मंडळींचा जातीच्या प्रश्नावर महाराजांना विरोध होता हेही खरं. तरीसुद्धा लेख छापल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली, हे सत्य कुठल्याही बाजूनं झाकू नये.

आणि मग आला खरा परदेशी टीकाकार. व्हॅलेंटाइन चिरोल, लंडनच्या ‘टाइम्स’चा. 1910 साली त्याचं हिंदुस्थानातल्या असंतोषावरचं पुस्तक आलं. त्यात पुणे आणि कोल्हापूर यांवर एक अख्खं प्रकरण आहे. ब्राह्मणांचं वर्चस्व, शाहू महाराजांशी त्यांचा झगडा, दरबारची बाजू हे सगळं त्यात येतं, आणि त्यातलं पुष्कळसं खरं आहे. ते वाचताना मला नेहमी अस्वस्थ व्हायला होतं. कारण मागासलेल्या जातींचं दुःख सांगून चिरोलला सिद्ध काय करायचंय, तर हा सगळा असंतोष मूठभर ब्राह्मणांचा आहे आणि इंग्रजी राज्य चालू राहण्यातच सगळ्यांचं भलं आहे. इथल्या गरिबांचं खरं गाऱ्हाणं त्यानं उचललं आणि स्वतःच्या राज्याच्या कामाला लावलं. महाराजांच्या शाळांमध्ये, बोर्डिंगांमध्ये शिकून जो पोर पुढं उभा राहणार होता, त्याला गोऱ्यांचं राज्य हवं की नको हे कुणी विचारलंच नव्हतं.

टिळकांनी चिरोलवर लंडनमध्ये दावा लावला. 1919 च्या फेब्रुवारीत ते हरले. चिरोलच्या बाजूनं एडवर्ड कार्सन उभे होते. त्याच मुक्कामात टिळक विलायतेतल्या लोकांना इंग्रज सरकारचा हिंदुस्थानातला कारभार कसा आहे ते सांगत फिरत होते. आणि 1891 साली, कायद्यानं मुलींचं संमतिवय दहावरून बारावर नेताना, परक्या सरकारनं आमच्या चालीरीतींत हात घालू नये असं ठासून लिहिणारेही टिळकच. एकाच थोर माणसाच्या आयुष्यात बघ, कधी तो बाहेरून बोलतोय, कधी बाहेरच्याला अडवतोय, कधी स्वतःच बाहेर जाऊन दाद मागतोय. म्हणून तुझे दोन राग जुळत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. भल्याभल्यांचे जुळले नाहीत. चिरोलनं ‘असंतोषाचा जनक’ म्हणून टिळकांवर ठेवलेला ठपका आपण पदवीसारखा मिरवतो, हेही या गोष्टीत आलंच.

बाहेरच्यांना बोलूच द्यायचं नाही, असा कायदाही एकदा झाला होता. 1922 साली संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरवणाऱ्या लिखाणावर बंदी घालणारं विधेयक ब्रिटिश सरकारनं आणलं. मध्यवर्ती कायदेमंडळानं ते नाकारलं, तरी व्हाइसरॉय रीडिंग यांनी खास अधिकारात ते मंजूर करून टाकलं. आता पुण्या-मुंबईच्या पत्रांना संस्थानांवर लिहिणं धोक्याचं झालं. फायदा कुणाचा झाला? प्रजेचा खासच नाही. देशभरच्या संस्थानांतल्या लोकांना आपली परिषद भरवायला 1927 साली मुंबई गाठावी लागली, म्हणजे स्वतःच्या राजाबद्दल बोलायला परमुलखात जावं लागलं. कोल्हापुरात प्रजापरिषद उभी राहिली ती 1939 साली. माधवराव बागल त्यात तुरुंगात गेले. त्यांच्याबरोबरचे रत्नाप्पा कुंभार पुढं संविधान सभेत बसले. ‘बाहेरच्यांनी बोलू नये’ असं जेव्हा कुणी सरकार म्हणतं, तेव्हा मला हा 1922 चा कायदा आठवतो आणि मी लगेच बघतो की तिथं आतल्यांना बोलता येतंय का.

आपल्याला कुणी हे उत्तर दिलं तेव्हा मात्र आपण ते मानलं नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीनं 1839 साली पदच्युत केलं तेव्हा रंगो बापूजी लंडनला गेले आणि चौदा वर्षं कंपनीच्या सभांमधून, पुस्तिका छापून, इंग्रजांच्याच देशात इंग्रजांच्या सरकारविरुद्ध बोलत राहिले. तिथले काही इंग्रज त्यांच्या बाजूनं उभे राहिले. 1946 साली, स्वातंत्र्य अजून मिळायचं होतं तेव्हा, हिंदुस्थाननं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या हिंदी लोकांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित बोलायला उभ्या होत्या. दक्षिण आफ्रिकेचं म्हणणं, हा आमचा अंतर्गत मामला आहे. ते म्हणणं आपण फेटाळलं आणि डिसेंबरमध्ये ठराव दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. तिथं सांगणारे कोण होते? युसुफ दादू, माँटी नायकर. स्वतः तिथं राहणारे, स्वतः तुरुंग भोगणारे. म्हणून तो आवाज खणखणीत होता.

कॅथरीन मेयोचं ‘मदर इंडिया’ मात्र तसं नव्हतं. 1927 साली या अमेरिकन बाईंनी आपल्याकडच्या बालविवाहांबद्दल लिहिलं. त्यांना मदत करणारे इंग्रज अधिकारी होते आणि पुस्तकाचा रोख स्वराज्याच्या मागणीवर होता. पण ज्या बालविवाहाबद्दल त्या बोलत होत्या, त्याबद्दल रखमाबाईंनी 1885 मध्येच ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनं लिहिलं होतं आणि आगरकरांनी ‘सुधारक’ त्याच कामाला वाहिला होता. मेयोबाईंनी त्यांना विचारात घेतलं असतं तर पुस्तक वेगळं झालं असतं. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं, आणि त्याच लेखात हिंदी माणसानं ते वाचण्यात फायदा आहे असंही सांगितलं. पुढं दोन वर्षांनी, 1929 मध्ये, सारडा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरलं. हे दोन्ही एका वेळी करता येतं, टीकाकाराचा हेतू ओळखणं आणि त्याच्या बोलण्यातलं खरं उचलणं. आपण हल्ली पहिलं करून थांबतो.

तुला आठवत असेल, फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या वेशीवर शेतकरी नव्या शेती कायद्यांविरुद्ध बसले होते तेव्हा रिहाना या परदेशी गायिकेनं समाजमाध्यमावर एवढंच विचारलं होतं की आपण याबद्दल का बोलत नाही आहोत. परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन आलं. सचिन तेंडुलकरनं लिहिलं की बाहेरच्यांनी प्रेक्षक व्हावं, सहभागी होऊ नये. लता मंगेशकरांनीही लिहिलं. मग अशा ट्विटांमागं कुणाचा दबाव होता का याची चौकशी करू, असं महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले. घराघरांत भांडण झालं ते रिहानाला अधिकार आहे की नाही यावर. शेतमालाची खरेदी, आधारभूत किंमत, बाजार समित्या यांबद्दल त्या दिवसांत किती जण बोलले? करवीर-कागलच्या उसाच्या शेतकऱ्याला सुद्धा कुणी विचारलं नाही की तुमच्या बाजार समितीचं काय होईल. नोव्हेंबरमध्ये कायदे मागं घेण्याची घोषणा झाली, ती आत बसलेल्या माणसांच्या चिकाटीमुळं. बाहेरच्या गायिकेनं ना बिघडवलं ना घडवलं. पण ‘बाहेरचे’ हा शब्द पुढं करून आतल्यांचं ऐकणं टाळता येतं, हे मात्र पुन्हा दिसलं.

आणखी एका बाहेरच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. औंध इथून काही लांब नाही, तुला यमाईच्या डोंगरावर नेलं होतं. तिथं मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश ज्यू इंजिनिअर आला. बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यातलं मोठं काम सोडून आलेला. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि हा फ्रीडमन गांधीजींकडं वर्ध्याला गेले आणि जानेवारी 1939 मध्ये औंधची घटना झाली. राजानं सत्ता खेड्यांच्या पंचायतींकडं दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत झाली, तीही याच वातावरणात. त्या वसाहतीवरूनच आपल्या व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. फ्रीडमननं इथल्या राजेशाहीवर परदेशातून पुस्तक लिहिलं नाही. खेड्यांतून हिंडला, लोकांचं ऐकलं आणि मग कागदावर लिहायला बसला. पुढं मुंबईत विडीचं दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्यानंच जगापुढं इंग्रजीत नेली. माणूस ऐकायला शिकला की कुठं कुठं पोचतो!

आता तुझ्याबद्दल. तुला ‘पाहुणी’ म्हणणारा चुकला. तू तिथं कर भरतेस, तिथल्या कचेरीच्या एका सहीवर तुझं राहणं-न-राहणं अवलंबून आहे, पण तिथल्या संसदेसाठी तुला मत नाही. म्हणजे तुझी स्थिती जुन्या संस्थानातल्या प्रजेच्या जवळची आहे. ज्या सरकारचा फटका स्वतःच्या अंगावर पडतो, त्या सरकारच्या बाबतीत माणूस आतलंच असतं, पासपोर्ट कुठलाही असो. तू जरूर बोल. त्या कचेरीत तुझ्यापेक्षा जास्त अडलेली माणसं रांगेत असतील, सीरियातून आलेली, तुझ्यासारखी पदवी नसलेली. त्यांना विचारून बोल.

आणि इथल्या बाबतीत तू आता अर्धी बाहेरची झाली आहेस. रागावू नकोस. मतदार यादीत नाव असलं तरी मत द्यायला विमानानं यावं लागतं, आणि इथलं पाणी, रस्ता, शाळा, भाव यांची झळ तुला लागत नाही. तुला इथलं कोण सांगतं? आपला घरचा ग्रुप, तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणी, आणि दोन-तीन चॅनेल. म्हणजे एक पेठ आणि एकाच तऱ्हेची माणसं. त्या जर्मन बाईंनाही कुणीतरी सांगितलं असेल, आणि ते माणूस कदाचित आपल्या ग्रुपवर कधी येणार नाही असं असेल. तुला राग आला तो त्या बोलल्या म्हणून, की त्यांनी सांगितलेलं तू इथल्या कुणाकडून कधी ऐकलं नव्हतंस म्हणून, हे तू शांतपणे बघ.

त्या बाईंशी पुन्हा बोल, एवढं माझ्यासाठी कर. त्यांना विचार की तुरुंगातल्या माणसांबद्दल त्यांनी कुणाचं वाचलं, कुणाशी बोलल्या. सगळं एकाच बातमीपत्रातलं असेल तर तसं त्यांना सांग, आणि 1882 ची गोष्ट सांग. त्यांनी एखादं नाव घेतलं, इथल्या कुणा वकिलाचं, पत्रकाराचं, सुटून आलेल्या माणसाचं, तर ते मला लिहून पाठव. त्या माणसाचं इंग्रजी-मराठीत जे काही छापलेलं असेल ते इथल्या वाचनालयातून मिळवून मी वाचतो, मग आपण दोघं त्यावर बोलू.

आईची गुडघेदुखी आता बरीच कमी आहे. दिवाळीला येशील तेव्हा तिच्यासाठी थंडीचे मोजे आण.

तुझा,
मामा